वहिनीचे अकरा हप्ते

माझी वहिनी बोलत नाही. म्हणजे मुकी नाही हो, चांगला गोड आवाज आहे तिला, पण वापरत नाही. लग्न होऊन आमच्या घरात आली त्याला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती जेवढं बोलली असेल तेवढं मी एका दुपारी बोलते. दादा तिला म्हणायचा, "तुझ्या वाटचं बोलायला माझी बहीण आहे ना, तू आपली शीव." आणि ती शिवायची. कपडे नव्हे, पुस्तकं. माझा दादा बाइंडर होता.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा गाळा आहे. रुंदीला जेमतेम दोन टेबलं मावतील, लांबीला मात्र बोळासारखा. दारातच शिवणाचं टेबल, कारण उजेड तिथे. मध्ये पुठ्ठ्यांची चळत, रेक्झिनच्या गुंडाळ्या, खळीचा डबा. आणि सगळ्यात मागे कागद कापायचं मशीन, मोठ्या चाकाचं, हातभर पात्याचं. मशीनला फक्त दादा हात लावायचा. वहिनीची जागा दारातल्या टेबलाशी. दाभणानं भोकं पाडायची, सुई आत, सुई बाहेर, दोरा ओढायचा, गाठ. आणि सारखे ओठ हलत असायचे. मला आधी वाटायचं, ही मनातल्या मनात मला नावं ठेवतेय. नंतर कळलं, बाई टाके मोजतेय. टाका चुकला की सगळं उसवायची, आणि उसवायच्या आधी त्या वहीला हळूच म्हणायची, "चुकलं हं." वहीला! माझ्याशी कधी एवढ्या लाडानं बोलली नाही. मला आपलं "वन्सं, तुम्ही घ्या, वन्सं, तुम्ही बसा." मी मात्र पहिल्या दिवसापासून तिला अगं-तुगं करून मोकळी.

मी शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं कारकुनी केली. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला कुठला अर्ज लागणार ते मला कळायचं. त्यामुळे कागदपत्रांतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. हा समज कसा तोंडावर आपटला, तेच सांगायला बसले आहे.

दादाला एक खोड होती. घरातला कुठलाही कागद सुटा राहिलेला त्याला खपायचा नाही. विजेची बिलं, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, पावत्या, पत्रं, बँकेचे कागद, सगळं वर्षभर एका खोक्यात टाकायचा. वर्ष संपलं की पाठीकडून शिवून, वर रेक्झिन लावून, सोनेरी आकड्यांत वर्ष छापून तो खंड फळीवर उभा करायचा. लोकांकडे कागद हरवतात, आमच्याकडे कागद पुस्तकात जायचे. आणि शिवून झालं की उरलेल्या तिन्ही कडा मशीनवर सरळ कापायचा. कडा एका रेषेत आल्याशिवाय ह्या गृहस्थाला चैन पडायचं नाही, मग कागदाच्या टोकाला काहीही लिहिलेलं असो. माझा शाळेचा दाखला एकदा असाच त्याच्या तावडीत सापडला आणि माझं आडनाव अर्धं कापून बाहेर आलं. मी घर डोक्यावर घेतलं. तो म्हणतो कसा, "ते जाऊ दे गं, कड बघ काय आलीय!" आता ह्यावर काय बोलणार, कप्पाळ!

तर असा माझा दादा दोन वर्षांपूर्वी गेला. आठ महिने आजारी होता. शेवटी शेवटी हातात सुईसुद्धा धरवत नव्हती. त्यांना मूलबाळ नाही. दुखण्यातलं सगळं वहिनीनंच केलं आणि मध्ये मध्ये गाळाही उघडत राहिली.

दादाला जाऊन चार दिवस झाले होते. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात बसलो होतो. चहा गार झाला होता. ती म्हणाली, "बँकेत कळवायला हवं ना, वन्सं?"

इथे जरा थांबून सांगते. त्याच्या पाच वर्षं आधी दादानं हा तोवर भाड्यानं असलेला गाळा आणि नवं मशीन कर्ज काढून विकत घेतलं होतं. दहा वर्षांचं कर्ज, गाळा बँकेकडे तारण, आणि जामीनदार मी. माझं पेन्शन आणि माझं दोन खोल्यांचं घर मी कागदावर लिहून दिलं होतं. वहिनीला हे सांगायचं नाही असं दादाचं आणि माझं ठरलं होतं. "उगाच तिच्या मनाला लागून राहील," म्हणाला होता तो.

तर वहिनीनं बँकेचं नाव काढलं आणि मी तो गार चहाचा कप उचलला.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं. "कर्ज घेणारा गेला म्हटल्यावर बँक म्हणणार, उरलेले सगळे पैसे आत्ताच्या आत्ता टाका. कुठून टाकशील? गाळ्याला कुलूप लावून मोकळे होतील. तू आपली दर महिन्याला हप्ता नेऊन भर. स्लिपवर दादाचंच नाव लिही, त्याचीच सही ठोक. पैसे वेळेवर मिळाले की कोण आहे आणि कोण गेलं, बँकेला काही पडलेलं नसतं. आणि दादाचं कार्ड आहे ना, त्याचा नंबर तुला ठाऊक आहे, लागतील तसे पैसे काढत जा."

"त्यांना न विचारता कसे काढू?"

"अगं, आता विचारणार कुणाला?"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि कप उचलून धुवायला गेली.

हे सगळं मी तिच्या गाळ्याच्या काळजीनं बोलतेय असं दाखवलं. गाळ्याची काळजी होती, नव्हती असं नाही. पण खरं सांगते, मला माझं घर दिसत होतं. बँकेचा माणूस पत्र घेऊन माझ्या जिन्यात उभा दिसत होता. सख्खा भाऊ जाऊन चार दिवस झाले होते आणि मी माझ्या दाराच्या कुलपाचा विचार करत होते. लाज वाटते, पण घडलं ते असं.

वहिनीनं माझं ऐकलं. दर चार तारखेला ती बँकेत जायला लागली. गाळ्यात ती एकटी. मशीन चालवायला ती स्वतःच शिकली. पहिले पंधरा दिवस कोरी रद्दीच कापत बसली होती, चाक फिरवताना डोळे मिटून घ्यायची म्हणे. मी ओरडले, "अगं, बोटं जातील!" तर म्हणाली, "बोटं मोजूनच चाक फिरवते." शाळांच्या हजेरीवह्या, दुकानदारांची रजिस्टरं, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, मिळेल ते काम घेतलं. चष्म्याचा नंबर वाढला होता, सुईत दोरा ओवायला तीन-तीनदा हुकायची. डॉक्टरनं नवीन चष्मा लिहून दिलेली चिठ्ठी खोक्यात पडून राहिली. मी म्हटलं, "चष्मा घे आधी." म्हणाली, "हप्ता झाला की बघू." हप्ता व्हायचा आणि पुढचा हप्ता समोर उभा राहायचा.

बँकेतल्या खिडकीमागे एक मिशीवाला कॅशियर आहे. त्याच्या मुलीचा प्रबंध दादानं बांधून दिला होता, तेव्हापासून ओळख. पहिल्याच महिन्यात त्यानं नोटा मोजता मोजता विचारलं, "बाइंडरसाहेब कसे आहेत? दिसले नाहीत बरेच दिवसांत."

वहिनीला खोटं बोलता येत नाही. जमतच नाही तिला, लगेच कान लाल होतात. ती म्हणाली, "काम चालू आहे."

"चालू आहे ना? झालं तर मग. नमस्कार सांगा त्यांना."

दर महिन्याला हेच. बाइंडरसाहेब कसे आहेत, काम चालू आहे, नमस्कार सांगा. अकरा महिन्यांत अकरा नमस्कार. गाळ्यात परत आली की दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती म्हणायची, "कॅशियरनी नमस्कार सांगितलाय." मी हे एकदा दारातून ऐकलं आणि आत न जाता तशीच घरी परतले.

बारावा हप्ता भरायच्या आत बँकेचं पत्र आलं. दादाच्या नावानं. खात्याची माहिती नव्यानं भरायची आहे, खातेदारानं ओळखपत्र घेऊन महिन्याच्या आत स्वतः हजर राहावं, नाहीतर खातं बंद ठेवण्यात येईल. स्वतः हजर राहावं! मी पत्र दोनदा वाचलं आणि माझं डोकं चालायला लागलं. डोकं म्हणजे काय, तेच जुनं कारकुनी डोकं.

"असं करू. अर्ज लिहू. खातेदार आजारी आहेत, अंथरुणावरून उठता येत नाही, म्हणून मुदत मिळावी. मी लिहिते छानपैकी."

वहिनी खळ ढवळत होती. तिनं काठी बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "नाही, वन्सं. आठ महिने आजारी पाहिलंय मी त्यांना. आता पुन्हा नाही आजारी करणार, कागदावरसुद्धा नाही."

मी अर्जासाठी काढलेला कोरा कागद परत ठेवून दिला. माझ्या आयुष्यात हे फार कमी वेळा झालं आहे.

"उद्या बँकेत जाऊन सांगते," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तरी चालेल."

नाही कशी जाणार? तिला बोलता येत नाही, काहीतरी सांगून बसेल आणि निस्तरावं लागेल मला. शिवाय जामीनदाराचं नाव निघालं तर तिथे असलेलं बरं. दोन्ही कारणं सांगितली, कुठलं मोठं ते तुम्हीच ठरवा.

कर्जाच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. तिला सर्दी झालेली, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातानं टायपिंग. मी बोलायला सुरुवात केली, "त्याचं काय आहे बाळ, माझे बंधू..." पण वहिनीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"माझे यजमान गेले," ती म्हणाली. "येत्या महिन्यात वर्ष होईल. मी कळवलं नाही. हप्ते मी भरले." आणि तिनं पिशवीतून अकरा स्लिपा काढून ठेवल्या. शिवलेल्या. बाइंडरचं घर, स्लिपा तरी सुट्या कशा राहतील!

सर्दीवालीनं ते चिमुकलं पुस्तक उलटसुलट बघितलं, मग एकेक पान चाळलं. प्रत्येक स्लिपवर खातं दादाचं, पण पैसे भरणाऱ्याचं नाव आणि सही वहिनीची, स्वच्छ, ठसठशीत. मी सांगितलं होतं दादाची सही ठोक म्हणून. एकदाही ठोकली नव्हती.

"कार्डनं पैसे काढलेत का त्यांच्या खात्यातून?"

"नाही."

मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "खरंच नाही काढलेत," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला. "काढले असते तर भानगड झाली असती. खात्याला नॉमिनी तुम्हीच आहात. ते पैसे तुम्हाला मृत्यूचा दाखला दाखवल्यावर तेव्हाच मिळाले असते."

वहिनी नुसती मान हलवत होती. मला ती चष्म्याची चिठ्ठी आठवली.

मग ती मुलगी म्हणाली, "आणि ह्या कर्जाला विमा होता, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"कसला विमा?" हे मी. मी, कागदातलं सगळं कळणारी!

"कर्जाबरोबर काढलेला असतो. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरते. गेल्यानंतर भरलेले हप्ते परत मिळतात. फक्त एका वर्षाच्या आत कळवावं लागतं." तिनं दादा गेल्याची तारीख विचारली, कॅलेंडर बघितलं, ओठ हलवत मोजलं. "बावीस दिवस उरलेत."

अकरा महिने वहिनीनं डोळे फोडून जे पैसे भरले, ते भरायचेच नव्हते. आणि आणखी बावीस दिवस माझा शहाणपणा चालला असता तर गाळाही गेला असता. मी टेबलाची कड धरून बसले.

वहिनीनं एकच विचारलं, "म्हणजे गाळा राहील?"

"क्लेम मंजूर झाला तर राहील. त्यासाठी विम्याच्या प्रमाणपत्राचा नंबर हवा. आमची जुनी शाखा दुसऱ्या शाखेत मिळवली तेव्हा काही कर्जांचे नंबर कॉम्प्युटरला चढवलेच नाहीत. तुमचाही नाही. मुख्य कार्यालयाला विचारलं तर दीड महिना जाईल. तुमच्याकडे मूळ प्रमाणपत्र असेल, ते आणा. नाहीच मिळालं तर मग उरलेलं कर्ज तुमच्याकडून, आणि तुमच्याकडून नाही झालं तर जामीनदाराकडून. थांबा, जामीनदार कोण आहे बघते..."

"प्रमाणपत्र आहे आमच्याकडे!" मी जवळजवळ ओरडलेच. "आत्ता शोधतो. चल वहिनी, ऊठ." आणि तिला दंडाला धरून उठवलं.

पण ती सरळ दाराकडे आली नाही. खिडकीपाशी गेली. कॅशियर नोटा मोजत होता, तिला बघून हसला. "आज चार तारीख नाही! बाइंडरसाहेब..."

"ते गेले," वहिनी म्हणाली. "वर्ष होत आलं. तुम्ही दर वेळी विचारायचात आणि मी सांगितलं नाही. तुमचे नमस्कार मात्र पोचवले."

त्यानं नोटा खाली ठेवल्या. रांगेतली माणसं बघत होती. तो खुर्चीवरून उठला, मागचं दार उघडून बाहेर आला आणि वहिनीसमोर हात जोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात आम्ही सहा वर्षांपूर्वीचा खंड फळीवरून काढला. प्रमाणपत्र मिळालं. पण माझ्या भावानं आपली करामत करून ठेवली होती. नंबर कागदाच्या अगदी वरच्या कडेला छापलेला, आणि वरची कड मशीनवर कापलेली. आकड्यांचे नुसते पाय उरले होते. हा तीन आहे, का पाच, का आठ? मी भिंग लावून बघितलं, उजेडात धरून बघितलं. शेवटी सर्दीवालीला फोन केला. ती म्हणाली, अर्ध्या आकड्यांवर काही होणार नाही.

"बघ तुझा नवरा!" मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही. "सगळं आयुष्य कडा सरळ केल्या. आता घ्या, बसा कडा बघत!"

वहिनी त्या खंडावर हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाचा कागद असला आणि कडेचं काही कापलं जाणार असलं, तर ते पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. पाठीकडे, शिवणीच्या आत. तिथली बोटभर पट्टी उघडत नाही, म्हणून दिसत नाही."

"आणि घरच्या कागदांवर?"

"माहीत नाही. कधी उसवून बघितलं नाही."

दादाच्या हातची शिवण तिनं आजवर उसवली नव्हती. स्वतःची शंभरदा उसवली असेल, त्याची नाही. तिनं खंड टेबलावर घेतला, पाठीचं रेक्झिन ओलं करून सोडवलं, बारीक कात्री घेतली. जुन्या चष्म्यातून दोरा दिसेना, म्हणून मी बोटानं टाका दाखवायला बसले. "उसवते हं," ती हळूच म्हणाली. एक टाका, दुसरा टाका. आम्ही दोघीही मोजत होतो. दोरा सुटला, कागद सैल झाले. तिनं प्रमाणपत्र सोडवलं आणि पाठीकडची पट्टी सपाट केली.

दादाचं अक्षर. बारीक, तिरकं, पेन्सिलीचं. "वर कापला गेलेला नंबर," आणि पुढे पूर्ण नऊ आकडे.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. "मग माझ्या आडनावाचंही लिहून ठेवलं असेल!" मी म्हटलं. एवढ्या वर्षांनी!

"बघायचंय? उसवू तो खंड?"

"नको," मी म्हटलं. "असेल लिहिलेलं."

मग माझी नजर टेबलावर गेली. प्रमाणपत्राच्या खालचा कागद उघडा पडला होता. जामीनपत्र. माझं नाव, माझ्या घराचा पत्ता, माझी सही, सगळं कडेपासून लांब, शाबूत. मी त्याच्यावर एक पुठ्ठा सरकवला. अगदी सहज सरकवल्यासारखा.

"तो मी वाचलाय, वन्सं," वहिनी म्हणाली.

"कधी?"

"हे गेले त्याच आठवड्यात. कर्जाचे कागद बघायला हा खंड काढला होता. विम्याचा इंग्रजी कागद मला कळला नाही. हा कळला."

"म्हणजे मी तुला बँकेत सांगू नकोस म्हणाले, तेव्हा..."

"त्याच्या आदल्या रात्रीच वाचला होता."

"मग बोलली का नाहीस? माझ्या तोंडावर बोलायचं होतंस! म्हणायचं होतंस, तुम्हाला तुमच्या घराची पडलीय!"

ती सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. "तुमचा हात थरथरत होता, वन्सं. कपातला चहा हलत होता. एकच घर आहे तुमचं. एक हप्ता जरी चुकला असता तर तुम्हाला पत्र गेलं असतं. म्हणून चुकू दिला नाही."

एकतीस वर्षांत एवढं लांब ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी तिच्या पुढ्यात बसून रडले. लहान मुलीसारखी, नाक पुसत. म्हटलं, "मी घाबरले होते गं. दादाचं दुःख करायच्या आधी मी घाबरले." तिनं माझ्याकडे दुकानातलं पुसायचं फडकं दिलं. त्याला खळीचा वास होता.

सोमवारी आम्ही फॉर्म भरायला गेलो. मृत्यूचा दाखला, डॉक्टरचा कागद, प्रमाणपत्र, नंबर, सगळं होतं. फॉर्मच्या अगदी तळाशी एक रकाना होता. कळवण्यास उशीर झाला असल्यास कारण. वहिनीनं पेन टेकवलं. "माहिती नव्हती, असं लिहिते," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले.

मी पेन तिच्या हातातून घेतलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, पण एवढं सुवाच्य अक्षर माझं मीही पाहिलं नव्हतं. लिहिलं, "मयताच्या पत्नी कळवणार होत्या. मी, मयताची बहीण व कर्जाची जामीनदार, हिनं स्वतःचं घर जाईल या भीतीनं त्यांना कळवू दिलं नाही." आणि खाली सही, पूर्ण आडनावासकट.

सर्दीवालीनं वाचलं. पुन्हा वाचलं. "आजी, असं कुणी लिहीत नाही हो."

"चालत नाही का?"

"चालतं. रकाना भरलेला पाहिजे, एवढंच."

दोन महिन्यांनी क्लेम मंजूर झाला. कर्ज फिटल्याचा दाखला मिळाला, गाळ्याचे कागद परत मिळाले, अकरा हप्ते एकरकमी वहिनीच्या खात्यात आले. माझं जामीनपत्रही रद्द झालं. वहिनीनं आधी चष्मा केला. नवा चष्मा लावून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगबाई, वन्सं, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?" घ्या! बोलायला लागली तर हे!

दाखला घेऊन निघताना ती खिडकीपाशी थांबली. भरायचं काहीच नव्हतं. कॅशियरलाही काय विचारावं ते सुचेना. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही कशा आहात?"

"काम चालू आहे," वहिनी म्हणाली. ह्या वेळी तिचे कान लाल झाले नाहीत.

वर्ष संपलं तशी ती खोकं उघडून बसली. त्या वर्षाची बिलं, पावत्या, त्या अकरा स्लिपा, बँकेचे दाखले, आणि बँकेनं शिक्का मारून दिलेली आमच्या फॉर्मची प्रत. शिवून झालं. खंड मशीनखाली सरकवून तिनं चाकाला हात घातला आणि थांबली. खंड पुन्हा बाहेर ओढून तिनं फॉर्मचं पान उघडलं. माझ्या दोन ओळी कागदाच्या अगदी खालच्या कडेला आल्या होत्या. पातं एक बोट आत बसलं असतं की माझी भीती, माझी सही, सगळं खालच्या कचऱ्याच्या टोपलीत. आणि तिनं शिवणीच्या आत काही लिहून ठेवलं नव्हतं.

तिनं नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "कापू का, वन्सं?"

नुसती मान हलवायची होती मला. तिनं चाक फिरवलं असतं आणि जन्मात पुन्हा विषय काढला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसंच."

तिनं खंड मिटला, वर्ष छापलं आणि फळीवर ठेवला. बाकीचे एकतीस एका रेषेत उभे आहेत, ह्या एकाच्या कडा खालीवर आहेत. गाळ्यात येणारं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हा कापायचा राहिला का म्हणून. वहिनी काही बोलत नाही. मग तिच्या वाटचं मी सांगते.